शीण, भूक आणि भांग : आखाड्यापासून ऑलिंपिकपर्यंत

१/
मागील आठवड्यात एका तरुण मल्लाचा निरोप आला. तो तालमीत राहून सराव करतो आणि निवड चाचणीच्या तयारीत आहे. त्याला कोणीतरी सांगितले, की मेहनतीनंतर अंग मोकळे व्हायचे असेल तर भांग घ्यावी. पूर्वीचे सगळे पैलवान ती घेत आणि हजारो वर्षांची ही आपली परंपरा आहे. त्याचा प्रश्न साधा होता : "इतिहासात हे खरोखर आहे का?" याच दाव्यावर आज भांगेच्या वनस्पतीपासून काढलेली तेले आणि मलमे खेळाडूंना विकली जात आहेत. म्हणून हा प्रश्न एकट्या त्या मल्लाचा राहत नाही. उत्तर एका वाक्यात बसणारे नाही, त्यासाठी आजचा धागा.

२/
प्रथम शब्दांचा उलगडा करू. वनस्पती एकच आहे, मात्र तिच्यापासून होणारे पदार्थ तीन. पानांपासून केली जाते ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की गांजा. झाडाला सुटणारी राळ गोळा केली की चरस. भांग वाटून प्यायली अथवा खाल्ली जाते, गांजा व चरस चिलमीतून ओढले जातात. नशा आणणारा मुख्य घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी. तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्याचे काम इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी १९६४ मध्ये केले. दुसरा महत्त्वाचा घटक कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी. त्याने नशा येत नाही. पानांची भांग आणि शेंड्यांचा गांजा यांतील भेद ध्यानात ठेवावा. पुढे कायद्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

३/
"हजारो वर्षे" या दाव्याकडे वळू. अथर्ववेदात 'भङ्ग' हा शब्द येतो हे खरे. सोम ज्यांत श्रेष्ठ मानला आहे अशा वनस्पतींच्या पाच कुळांत त्याची गणना आहे. तथापि त्या शब्दाने आजचीच वनस्पती अभिप्रेत आहे का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. आणि तेथे व्यायामाचा तर उल्लेखही नाही. चरक व सुश्रुत यांच्या प्राचीन संहितांतही भांगेला ठळक स्थान मिळालेले नाही. औषध म्हणून तिचे निःसंदिग्ध वर्णन मध्ययुगीन ग्रंथांत सापडू लागते. याचा अर्थ परंपरा आहे, पण जाहिरातीत सांगितली जाते तितकी जुनी व सलग ती नाही.

४/
त्या मध्ययुगीन ग्रंथांपैकी दोन महत्त्वाचे. शार्ङ्गधरसंहिता (साधारणतः १३वे-१४वे शतक) 'व्यवायी' द्रव्याची व्याख्या करते : जे पचण्याआधीच सर्व शरीरभर पसरते आणि मग पचते, ते व्यवायी. उदाहरण म्हणून भांग आणि अफू या दोहोंची नावे दिली आहेत. सोळाव्या शतकातील भावप्रकाश भांगेला कडू, उष्ण, पाचक, कफ हरणारी, पित्त वाढवणारी म्हणतो. ती जठराग्नी प्रदीप्त करते असे सांगताना मोह, मद आणि बडबड यांचीही वाढ करते, हे तो त्याच ओळीत नोंदवतो. गुण व दोष एकत्रच मांडलेले आहेत. आजच्या जाहिरातीत त्या यादीचा पूर्वार्ध तेवढा येतो.

५/
मल्लविद्येचे स्वतंत्र ग्रंथही आपल्याकडे आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (१२व्या शतकाचा पूर्वार्ध) 'मल्लविनोद' असा भागच आहे. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतले मल्लपुराण बडोद्याहून १९६४ मध्ये संपादित होऊन प्रसिद्ध झाले. या ग्रंथांचा भर मल्लांचे प्रकार, व्यायामाचे प्रकार, डावपेच आणि आहार यांवर आहे. मल्लाचे बळ आहारातून आणि नियमित श्रमातून येते, ही त्यांची मूळ धारणा. ती आजच्या तालमीतील वस्तादांच्या बोलण्यातही जशीच्या तशी ऐकू येते.

६/
मग श्रम आणि भांग यांचा थेट संबंध सांगणारी जुनी साक्ष कोणती? ती गोव्यात मिळते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यातील आठवा संवाद 'बँग' म्हणजे भांगेवर आहे. ओर्ताने ती स्वतः घेतल्याचे म्हटलेले नाही. आपल्या घरातील चाकरमाणसे त्याला न सांगता ती घेत असत आणि त्यांनी नंतर त्याला परिणाम सांगितला, असे तो लिहितो. परिणाम तीन : काम जाणवत नाही, मन आनंदी राहते, खाण्याची इच्छा होते.

७/
त्याच संवादात दुसरीही एक ऐकीव माहिती आहे. पूर्वीचे मोठमोठे सेनानी मद्यातून अथवा अफूबरोबर भांग घेत, कारण दीर्घकाळच्या जागरणानंतर त्यांना विश्रांती व झोप हवी असे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने मार्तिम आफोंसो द सोझा याला सांगितलेली गोष्टही येथेच आहे : रात्री पोर्तुगाल, ब्राझील अथवा तुर्कस्तान हिंडून यावेसे वाटले, की सुलतानाला थोडी भांग पुरे होई.

एकाच पानावर तीन प्रकारची माणसे दिसतात. सुलतानाला सैर हवी आहे, सेनानीला झोप हवी आहे, आणि चाकराला काम जाणवू नये असे वाटते. गुलामगिरी ही त्या काळच्या गोव्यातील घराघरांतली गोष्ट होती, हे स्मरून हे तिसरे वाक्य वाचावे.

८/
यानंतर एकदम १८३९ मध्ये येऊ. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील आयरिश वैद्य विल्यम ओशॉनेसी याने गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रथम प्राण्यांवर आणि नंतर रुग्णांवर केले. संधिवात, धनुर्वात, पटकी असे रोग त्याने निवडले होते. वेदना कमी होणे, स्नायूंचे आकडलेपण सैल होणे आणि भूक वाढणे, या परिणामांच्या नोंदी त्याने केल्या. रुग्णांना आलेल्या विचित्र अवस्थांचीही वर्णने त्याने लपवली नाहीत. त्याच्या लेखनानंतर हे द्रव्य युरोपातील औषधालयांत पोहोचले. अंगदुखीवर भांग-गांजा ही कल्पना पाश्चात्त्य वैद्यकात गेली ती अशी, बंगालमधून.

९/
आता या धाग्याचा गाभा. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत मद्यपानविरोधी चळवळीतले सदस्य विल्यम केन यांनी प्रश्न विचारला : बंगालमधील गांजाचे उत्पादन व विक्री यांचे लोकांच्या शरीरावर आणि नीतीवर काय परिणाम होतात, याची सरकार चौकशी करणार काय? भारत सरकारने ही चौकशी केवळ बंगालपुरती न ठेवता देशभर नेली. जुलै १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांत मुंबई इलाख्यातील जिल्हाधिकारी ओमॅनी, मध्य प्रांतातील फ्रेझर, रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन आणि तीन भारतीय : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद.

१०/
आयोगाने ११९३ साक्षीदारांची साक्ष घेतली आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. साक्षीदारांना सविस्तर प्रश्नावली दिली होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक प्रश्न फार मोलाचा आहे. ही द्रव्ये अन्नपचनास उपकारक ठरतात काय? कठोर परिश्रमात वा ऊन-पाऊस-थंडीत टिकून राहण्याचे बळ देतात काय? थकवा घालवतात काय? हिवतापाच्या प्रदेशांत आजारापासून राखतात काय? आजच्या भाषेत ज्याला व्यायामोत्तर पुनर्बलन म्हणतात, त्याची एवढी मोठी चौकशी यापूर्वी कोणत्याही सरकारने क्वचितच केली असेल.

११/
उत्तरांवरून आयोगाने जी यादी दिली ती मुळातून वाचण्यासारखी आहे. येथे तिचा आशय देतो. विशेष कठोर श्रमाच्या प्रसंगी ही द्रव्ये घेणाऱ्यांत कसरतपटू, पैलवान, गायक-वादक, पालखीचे भोई, हमाल, पाणबुडे आणि टपाल घेऊन धावणारे यांची नावे आहेत. निसर्गाच्या माऱ्यात काम करताना घेणाऱ्यांत कोळी, नावाडी, तळ्यात उतरून शिंगाडे लावणारे, परीट, रोजंदारीवरचे मजूर, रात्रीचे पहारेकरी, बैरागी आणि यात्रेकरू आहेत.

त्या तरुण मल्लाला द्यायच्या उत्तराचा पहिला भाग येथे मिळतो. होय, १८९४ च्या सरकारी कागदात पैलवान आहेत. ही दंतकथा नव्हे.

१२/
मात्र ती यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. पैलवान एक आहे. त्याच्या पुढेमागे भोई, हमाल, मजूर उभे आहेत. पैलवानाने श्रम स्वतः निवडलेले असतात, त्यामागे खुराक असतो, विश्रांती असते, अनेकदा एखाद्या संस्थानिकाचा आश्रय असतो. भोयाला पालखी उतरवून विसावा घेण्याचा अधिकार नव्हता. त्याला दूध-तूप कोणी देत नव्हते. चिमूटभर गांजा मात्र त्याला परवडत होता. दोघांच्या शरीरात द्रव्य एकच गेले, पण एकाच्या दिनक्रमात ते खुराकाच्या जोडीला होते आणि दुसऱ्याच्या आयुष्यात खुराकाच्या जागी होते. "आपले पूर्वज घेत असत" असे म्हणताना यांतील कोणते पूर्वज आपल्या डोळ्यांसमोर असतात?

१३/
साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. साक्षीदारांत सरकारी अधिकारी, वैद्यक व्यावसायिक, जमीनदार, व्यापारी यांचा भरणा मोठा होता. हमाल अथवा भोई यांचे म्हणणे बहुधा दुसऱ्याच्या तोंडून आले. तरीही आयोगाची चिकित्सा कमी प्रतीची नव्हती. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या तपासताना त्याला आढळले, की वेडाचे खरे कारण ठाऊक नसले की रकान्यात 'गांजा' असे लिहून टाकण्याची सवयच पडली होती. त्या आकड्यांवर विसंबता येत नाही असे आयोगाने स्पष्ट म्हटले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण एकदा तरी वाचावे.

१४/
निष्कर्ष असा निघाला, की माफक सेवनाने सहसा लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदी घालू नये. पानांच्या भांगेवर बंदी घालणे तर धार्मिक आचारात ढवळाढवळ ठरेल. कर, परवाने आणि दुकानांवर मर्यादा हा मार्ग सुचवला गेला.

या शहाणपणामागे महसूलही होता. बंगालात राजशाहीकडील नौगाव, मध्य प्रांतात निमाडातील खांडवा, ही गांजाची मोठी केंद्रे होती. आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्यातही त्याची लागवड होई. यारकंदचा चरस लेहमार्गे पंजाबात उतरे. या सर्वांवर कर होता. हमालाने शीण घालवण्यासाठी ओढलेल्या प्रत्येक चिलमीतला काही वाटा सरकारी तिजोरीत जमा होत होता.

१५/
आता आखाड्यात जाऊ. काशीत भांग आणि व्यायाम यांची संगत खरोखरच दिसते. इतिहासकार निता कुमार यांनी बनारसच्या कारागिरांवरील आपल्या ग्रंथात (१९८८) 'बहरी अलंग' या प्रथेचे वर्णन केले आहे. शहराबाहेर अथवा गंगेपलीकडे जायचे, कपडे धुवायचे, भांग वाटायची, अंगमेहनत करायची, स्नान करायचे आणि निवांत परतायचे. येथे भांग हे बळ वाढवण्याचे साधन म्हणून येत नाही. विणकराच्या वा कासाराच्या बंदिस्त दिवसातून बाहेर पडण्याच्या सोहळ्याचा ती एक भाग आहे. पंजाबातील निहंगांतही ती 'सुखा' या नावाने, धार्मिक विधीच्या चौकटीत आणि शस्त्रसरावाच्या जीवनक्रमात येते.

१६/
पण त्याच काशीतील कुस्तीगिरांचा अभ्यास करून जोसेफ ऑल्टर यांनी १९९२ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात मल्लाच्या आहाराचे तीन आधारस्तंभ दिसतात : दूध, तूप आणि बदाम. मल्लाचा आदर्श संयमाचा आहे. ब्रह्मचर्य, पहाटे उठणे, मनावर ताबा. नशेने येणारी बेफिकिरी या आदर्शाच्या विरुद्ध जाते. म्हणून आखाड्यात भांग कोठे कोठे असली, तरी ती आखाड्याची शिकवण कधीच नव्हती.

महाराष्ट्रात हे अधिकच स्पष्ट दिसते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर मल्लविद्येचे पीठ झाले आणि १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले. तेथील पैलवानाची थंडाई प्रसिद्ध आहे : बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची कुंडीत घोटून दुधात मिसळायची. उत्तरेत होळीला 'थंडाई' म्हटले की भांग आठवते, कोल्हापुरात म्हटले की बदाम. शब्द एकच असल्यामुळे घोटाळा होतो, आणि "सगळे पैलवान भांग घेत" हा समज बहुधा त्यातूनच बळावला असावा.

१७/
जेथे मल्ल भांग घेत तेथे ती का घेत, याचे शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण कठीण नाही. मल्लापुढे दोन अडचणी असतात. शेकडो जोर-बैठकांनंतर अंग मोडून येते आणि झोप लागत नाही. शिवाय प्रचंड खुराक पोटात जावा लागतो. टीएचसीमुळे भूक वाढते, वेदनेची जाणीव बोथट होते, झोप लवकर लागते. ओर्ताच्या चाकरांनी सांगितलेले परिणाम, भावप्रकाशातील जठराग्नी आणि ओशॉनेसीच्या नोंदी या तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात. पोटातून घेतलेली भांग सावकाश चढते आणि कित्येक तास टिकते; त्यामुळे ती संध्याकाळची, मेहनत उरकल्यानंतरची वस्तू ठरली.

परंतु वेदना न जाणवणे म्हणजे स्नायू भरून येणे नव्हे. झोप लवकर लागली तरी तिचा पोत बदलतो. स्वप्नावस्थेचा काळ घटतो. आणि सवय जडली की तोच परिणाम मिळण्यासाठी मात्रा वाढवावी लागते.

१८/
प्रयोगशाळेने काय दाखवले? १९८६ मध्ये कॅनडातील रेनो व कॉर्मिए यांनी १२ निरोगी व्यक्तींना गांजा ओढल्यानंतर स्थिर सायकलवर दमछाक होईपर्यंत व्यायाम करायला लावला. टिकाव सरासरी सुमारे १६ मिनिटांवरून १५ मिनिटांवर आला. म्हणजे दम वाढण्याऐवजी घटला. टीएचसीने हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात, त्यामुळे शरीराची कमाल मर्यादा लवकर गाठली जाते. प्रतिक्रियेचा वेग आणि तोल यांवरही परिणाम होतो. कुस्तीत क्षणार्धात डाव उलटतो, हे येथे वेगळे सांगायला नको.

सीबीडीवरील प्रयोग अजून लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष संमिश्र. त्यामुळे स्नायू लवकर भरून येतात असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा उभा राहिलेला नाही.

१९/
या शास्त्रीय कथेत एक संस्कृत शब्द आहे. १९९२ मध्ये जेरुसलेम येथे मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत देवाने, हानुश आणि सहकाऱ्यांना आढळले, की टीएचसी मेंदूत ज्या ग्राहकांवर बसते त्यांच्यासाठी शरीर स्वतःच एक द्रव्य तयार करते. त्यांनी त्याचे नाव 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे ठेवले. २००३ मध्ये अमेरिकेतील स्पार्लिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तरुणांनी मध्यम तीव्रतेने सुमारे ५० मिनिटे धावणे अथवा सायकल चालवणे केले, की रक्तातील आनंदामाइड वाढते. दीर्घ धावेनंतर येणाऱ्या प्रसन्नतेमागे याच यंत्रणेचा मोठा वाटा असावा, असे त्यानंतरच्या प्रयोगांतूनही सूचित झाले आहे. जोर-बैठका मारून हौद्याच्या कडेला बसलेल्या मल्लाला जे हलके वाटते, त्याचा काही भाग त्याच्या शरीराने स्वतः घडवलेला असतो.

२०/
आता कायदा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात नियंत्रित वस्तूची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती करण्यात आली. शेंड्यांविरहित पाने व बिया वगळल्या गेल्या. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने हीच व्याख्या घेतली. त्यामुळे गांजा व चरस केंद्रीय कायद्याखाली गुन्हा ठरले आणि भांग राज्यांच्या अबकारी नियमांकडे राहिली. काशीत सरकारमान्य भांगेची दुकाने दिसतात ती या भेदामुळे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात भांगही येते. परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. म्हणून "भांग कायदेशीर आहे" हे बनारसचे वाक्य जसेच्या तसे पुण्यात अथवा सांगलीत उच्चारता येत नाही.

२१/
खेळाच्या जगात हा प्रश्न गाजला तो फेब्रुवारी १९९८ मध्ये, जपानमधील नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये. कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटीने स्नोबोर्डिंगमधील पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. तपासणीत त्याच्या लघवीत दर मिलिलिटरला १७.८ नॅनोग्रॅम इतका टीएचसीचा अंश आढळला. स्कीइंग महासंघाची मर्यादा १५ होती. पदक काढून घेण्यात आले. नंतर क्रीडा लवादाने ते परत दिले, कारण ऑलिंपिक समितीच्या प्रतिबंधित यादीत गांजा नव्हताच. त्यानंतर १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, स्थापन झाली आणि २००४ च्या तिच्या यादीत हा वर्ग स्पर्धाकाळासाठी प्रतिबंधित ठरला.

२२/
पुढे मर्यादा सैलावली. २०१३ मध्ये ती १५ वरून १५० नॅनोग्रॅमवर नेली गेली. २०१८ पासून सीबीडी प्रतिबंधातून वगळण्यात आले. टीएचसी मात्र कायम राहिले. २०२१ मध्ये अमेरिकेची धावपटू शाकॅरी रिचर्डसन हिने टोकियोसाठीच्या निवड स्पर्धेत १०० मीटर १०.८६ सेकंदांत जिंकली. तपासणीत टीएचसी आढळले, एक महिन्याची बंदी आली आणि तिचे ऑलिंपिक हुकले. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी कळल्यानंतर आपण गांजा घेतला, असे तिने जाहीरपणे सांगितले. वेगासाठी घेतल्याचा आरोप तिच्यावर कोणी केला नाही.

वाडाच्या नियमानुसार तीनपैकी दोन निकष पूर्ण झाले तरी पदार्थ यादीत येतो : कामगिरी वाढण्याची शक्यता, आरोग्याला धोका, अथवा खेळाच्या मूलभूत मूल्यांशी विरोध. २०२२ च्या फेरविचारानंतरही टीएचसी यादीत ठेवताना या तिसऱ्या निकषाचा आधार घेतला गेला. ज्या द्रव्याने दम घटतो तेही यादीत कसे, याचे उत्तर येथे आहे. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. निवड चाचणीला उतरणाऱ्या खेळाडूला मात्र तो लागू आहे.

२३/
म्हणून त्या तरुण मल्लाला माझे उत्तर असे. "पैलवान भांग घेत असत", हे अंशतः खरे आहे. काही प्रदेशांत, काही काळी, मेहनतीनंतर, भूक आणि झोप यांसाठी. त्याने त्यांचे बळ वाढले, असे कोणतेही विश्वसनीय साधन सांगत नाही. आपल्या महाराष्ट्रातील तालमींची ओळख तर बदामाच्या थंडाईची आहे. आणि एक व्यावहारिक गोष्ट : कायदा पान आणि शेंडा यांत भेद करतो, लघवीची तपासणी करत नाही. होळीचा पेला असो वा चिलीम, तपासणीत टीएचसीचाच अंश सापडतो आणि नियमित घेणाऱ्याच्या शरीरात तो कित्येक दिवस राहतो. सीबीडीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलातही टीएचसीचा अंश असू शकतो. तो सापडला तर जबाबदारी खेळाडूची, विक्रेत्याची नव्हे.

२४/
राहता राहिला त्या यादीतला भोई. आज "पूर्वजांचे पुनर्बलनाचे रहस्य" म्हणून जे विकले जाते, त्याची सर्वांत विस्तृत ऐतिहासिक नोंद ही ओझी वाहणाऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या, रात्रभर जागणाऱ्या माणसांची आहे. त्यांना विसावा मिळाला असता, पोटभर अन्न मिळाले असते, तर त्यांतील कितीजणांनी चिलीम हाती घेतली असती, हे आयोगाने विचारले नाही. त्यांचा उल्लेख करायचाच असेल, तर तो त्यांच्या कष्टांसह करावा.

ज्या वाचकांच्या घराण्यात तालमीची परंपरा आहे, त्यांनी आपल्याकडील थंडाईची आणि खुराकाची जुनी पद्धत जरूर लिहून कळवावी. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि त्याची नोंद व्हायला हवी.

(धागा समाप्त)